वीस पावलं मागून

बडोदे, २२ डिसेंबर १९९६, रविवार

ही वही मोहनाताईने दिली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात सात प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार-चार ओळी मोकळ्या. ताईचं सगळं असंच असतं. मी वही उलटी धरून शेवटच्या पानापासून माझं लिहायला घेतलंय. तिच्या उत्तरांत माझी भेसळ नको.

हकिकत अशी. ताईला इथे औषधांच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी मिळते आहे. मिरजेत डॉक्टरांच्या लॅबमध्ये सहा वर्षं रक्त-लघवी तपासून ती कंटाळली. कंटाळली हा माझा शब्द, ती म्हणते सडले. होकार तेरा जानेवारीपर्यंत कळवायचा, वीसला हजर व्हायचं. बाबा म्हणाले, "मुलगी द्यायची तर आपण आधी घर बघून येतो. एकटी पाठवायची तर शहर नको बघायला?" ताई म्हणाली, मीच जाऊन बघते. तर म्हणे स्थळ बघायला मुलगी जात नसते. मग घरात रिकामा कोण? बी.कॉम. अर्धवट सोडून कधी गोव्यात कॅसेटी विकणारा, कधी सर्कशीच्या ट्रकबरोबर सोलापूरपर्यंत गेलेला, असा मी.

गाडी सुटताना ताई खिडकीपाशी आली. "शुभंकर, या वेळी तरी भरकटू नकोस. माझं सगळं यावर आहे."

उतरलोय मथुराआत्याकडे, वाडीत. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. तिचे यजमान जयवंतराव, त्यांचे आजोबा-पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते. काकांचं आता स्कूटरची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. घोड्याचं खोगीर काय नि स्कूटरचं काय, असं ते स्वतःच म्हणतात.

आज प्रवासाचा शीण. प्रश्न उद्यापासून.

२४ डिसेंबर, मंगळवार

काल काहीच झालं नाही. कोपऱ्यावर पतंगाची दोरी रंगवत होते. दोन खांबांना दोरा गुंडाळायचा, हाताला चिंध्या बांधायच्या आणि काचेचा गुलाबी लगदा मुठीत धरून या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचं-यायचं. दोन तास बघत उभा राहिलो. मग त्यांनी मलाच कामाला लावलं. बोटं अजून गुलाबी आहेत.

आज मात्र दुकानात बसून चौकशी केली. काकांना विचारलं, इथे बायकामाणसांना भीती वगैरे?

"वाडीत? अरे जो ने, बघ, नवरात्रात आपल्या गल्लीतल्या बाया गरबा खेळून मध्यरात्री घरी येतात, अंगावर सोनं घालून. बस ने! पण सुभानपुरा म्हणशील तर ती नवी वस्ती. तिकडे कोण कुणाला ओळखतं?"

सीट बदलायला आलेले एक गृहस्थ अकोट्याचे होते. "अकोटा एकदम शांत. वाडीत मात्र, माफ करा हं जयवंतराव, मी माझ्या मुलीला पाठवणार नाही." तिसरे सुभानपुऱ्याचे निघाले. त्यांना नदीच्या अलीकडचं काहीच पसंत नव्हतं. कर्फ्यूचंही तेच, तो लागतो तो नेहमी दुसऱ्यांच्या भागात.

कुठला भाग चांगला, या चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं, "सगळे आपापल्या भागाबद्दल चांगलं बोलतात, म्हणजे सगळे भाग चांगले आहेत." मग ते मलाच पटलं नाही, खोडलं.

जेवताना आत्या म्हणाली, "सगळ्यांना विचारलंस, मला नाही विचारलंस?"

मी म्हटलं, "आत्या, तुम्ही कुठे बाहेर जाता?"

"मी? वीस वर्षं शाळेत शिकवलं मी, रोज चालत..." तेवढ्यात काकांनी दुकानातून हाक मारली आणि ते राहिलंच.

२६ डिसेंबर, गुरुवार

विश्वामित्री नदीत मगरी आहेत! शहराच्या मधोमध! पुलावरून दीड तास एक ओंडका बघत होतो. तो ओंडकाच असेल म्हणून निघणार, तर हलला. शेजारी उभा असलेला भय्या म्हणाला, ये तो छोटा है.

ताईच्या प्रश्नांत मगरीबद्दल काही नाही. रात्री वाईट वाटलं. चार दिवस गेले आणि ताईच्या कारखान्याची बस जिथे थांबते तो सुभानपुराही मी अजून बघितलेला नाही. उद्या नक्की.

२७ डिसेंबर, शुक्रवार

एकदाचा गेलो. इथल्या रस्त्याचं नाव हाय टेन्शन रोड आहे, वरून विजेच्या मोठ्या तारा जातात म्हणून. बाबांना हे नाव कळवायचं नाही.

सव्वासातला कारखान्यांच्या बसगाड्या येतात. तोवर चांगलाच अंधार पडतो. बायका उतरल्या, दोघी-तिघी मिळून पांगल्या. एक मात्र एकटीच डावीकडच्या गल्लीत वळली. ताईच्याच वयाची, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, अंगावर निळी शाल. मागून तर अगदी ताईच. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांना काय विचारत बसायचं? ताईसारखीच जी रोज या रस्त्याने जाते तिच्या मागून चालायचं. म्हणजे रस्ता तिच्या डोळ्यांनी दिसेल!

वीस पावलांचं अंतर ठेवलं. त्याहून जवळ बरं दिसत नाही. बोलण्याचा तर प्रश्नच नाही. रस्त्यात परक्या बाईशी बोलायचं नाही हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलंय. म्हणून ताईचा सातवा प्रश्न जरा अवघड आहे. "तिथल्या एखाद्या नोकरी करणाऱ्या बाईला विचार, तुम्हाला इथे कसं वाटतं?" तो शेवटी बघू.

दिवे अकरा, त्यांतले तीन बंद. कुत्री दोन. पानाचा गल्ला (टपरीला इथे गल्ला म्हणतात) एक, तिथे टवाळ पोरं नाहीत. मग एक मोकळा प्लॉट, बाभळी वाढलेल्या. त्यापुढे सोसायटीचं फाटक, ती आत गेली. एकूण सात मिनिटं. सगळं तिथल्या तिथे दिव्याखाली उभा राहून वहीत लिहिलं. खूप दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

२८ डिसेंबर, शनिवार

पुन्हा गेलो. आज सहा मिनिटं लागली. थंडी वाढलीय, चाल आपोआप वाढते.

३० डिसेंबर, सोमवार

आज ती प्लॉटपाशी मध्येच थांबली आणि चप्पल नीट करायला वाकली. मीही थांबलो, अंतर कमी व्हायला नको म्हणून. तिला बराच वेळ लागला. मी उभाच. शेवटी ती उठली आणि जवळजवळ पळतच फाटकाशी गेली. पट्टा तुटला असणार.

वहीत लिहिलं, रस्ता खडबडीत आहे, ताईने बंद चपला आणाव्यात.

३१ डिसेंबर, मंगळवार

आज तिने तीनदा मागे वळून बघितलं. तिसऱ्यांदा मीही मागे बघितलं. रस्ता रिकामा होता. पण बाईमाणूस उगाच मागे बघत नाही. काहीतरी आहे या रस्त्यावर.

परत येताना अस्वस्थ होतो. आत्याने विचारलं, रोज संध्याकाळी कुठे जातोस रे? म्हटलं, ताईच्या कामाला. "मन लावून करतोयस हं," म्हणाली. बरं वाटलं.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

काल मांजा गुंडाळण्यात दिवस गेला, त्याबद्दल लिहीत नाही.

आज ती नेहमीच्या गल्लीत वळलीच नाही. मोठ्या रस्त्याने लांबून गेली आणि किराणा दुकानात शिरली. दहा मिनिटं झाली तरी बाहेर येईना. मी समोर दिव्याखाली थांबलो आणि तोवर वहीत या नव्या रस्त्याचे दिवे लिहून घेतले. दुकानदार बाहेर येऊन माझ्याकडे टक लावून बघत होता. मी हसून मान हलवली. त्याने नाही हलवली. दुकानदार सावध आहेत, ही एक चांगली गोष्ट. शेवटी दुकानातला नोकर तिला फाटकापर्यंत पोहोचवायला गेला.

म्हणजे त्या गल्लीत काय आहे?

३ जानेवारी, शुक्रवार

आज सगळा उलगडा झाला. स्टॉपवर एक वयस्क गृहस्थ आले होते, हातात काठी आणि बॅटरी. ती उतरली तशी त्यांनी पिशवी घेतली आणि दोघं निघाले. वडील असणार. एकेका माणसाच्या तोंडावर ते बॅटरी मारत होते. मी बसांच्या गर्दीत मागे होतो.

म्हणजे माझी शंका खरी. कोणीतरी हलकट या मुलीच्या पाठीमागे आहे. मी आठ दिवस इथे असून मला तो दिसला नाही याचीच लाज वाटली. सापडला असता तर दोन ठेवून दिल्या असत्या.

आणि ताईला इथे न्यायला कोण येणार?

४ जानेवारी, शनिवार

बाबांना पत्र टाकलं, ताईच्या नावाने वेगळं नाही. सगळं लिहिलं. दिवे, प्लॉट, पोरगी कशी धावत जाते, रस्ता कसा बदलते, म्हाताऱ्या बापाला काठी घेऊन कसं यावं लागतं. शेवटी लिहिलं, "मी स्वतः आठवडाभर डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या मते मोहनाताईने येऊ नये."

ताईला वाईट वाटेल. पण आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं काही नीट बघितलं, त्याची जबाबदारी घेतली.

८ जानेवारी, बुधवार

काका मला शिलाई शिकवतायत. बजाजचं कव्हर जमतं, लूनाचं अजून कोपऱ्यात सुरकुततं. सुभानपुऱ्याला परत गेलो नाही. काम झालंय.

९ जानेवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहितो.

सकाळी पोहे खात होतो. आत्याच्या भिशीतल्या नलिनीबाई आल्या, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला. मी कोपऱ्यात खुर्चीवर.

"मथुराताई, या वर्षी दुपारी दोनला यायचं हं. संध्याकाळचं नाही ठेवलं."

"भर दुपारी? का गं?"

"आमच्या सोसायटीत अंधार पडला की बाया बाहेर पडेनाशा झाल्यात. आमच्या उदयसिंहरावांची निरुपमा नाही का, कारखान्यात जाते ती? एक मवाली लागलाय तिच्या मागे. आठ दिवस! अंगावर हात नाही, तोंडातून शब्द नाही, नुसता मागून चालतो. आणि हातात काय असेल? वही! दिव्याखाली उभा राहून लिहून घेतो मेला. ती थांबली की थांबतो. किराणावाल्याकडे बघून हसला म्हणे, शी!"

आत्या म्हणाली, "पोलिसांत नाही दिली तक्रार?"

"काय देणार? नाव नाही, गाव नाही. उंच आहे, सडपातळ आहे आणि चॉकलेटी स्वेटर, बास. पोरीला झोप नाही. नोकरी सोडते म्हणत होती."

चॉकलेटी स्वेटर माझ्या अंगात होता. पोह्यांचा घास तोंडात तसाच राहिला. आत्याने माझ्याकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "शुभंकर, आत जा. गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल."

आत गेलो. गॅस बंद होता. दूध नव्हतं.

नलिनीबाई गेल्यावर आत्या आत आली. "तू?"

"आत्या, मी ताईसाठीच..."

"एवढंच विचारलं. तू?"

"हो."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "स्वेटर काढ." काढला. तिने तो घडी करून कपाटात खाली ठेवला. "तुझ्या काकांना मी सांगणार नाही. ते हसतील. दुकानात चार जणांना सांगून हसतील. आणि हे हसलेलं मला चालणार नाही."

मग मी एकेक पान उलटून माझंच लिहिलेलं वाचलं. चप्पल. पट्टा तुटला असणार. देवा.

पत्र चार तारखेला टाकलंय. पळत एसटीडी बूथवर गेलो, शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन लावला. ताई लॅबमध्ये होती, बाबा आले.

"तुझं पत्र मिळालं. चांगलं बारकाईनं बघितलंस. मोहनाला नकार लिहायला सांगितलाय."

म्हटलं, बाबा, थांबा, माझी चूक झाली, तसं काही नाही इथे.

"मग त्या पोरीला बाप आणायला येतो ते?"

"येतो. पण ते... ते कारण वेगळं आहे."

"काय वेगळं?"

काचेपलीकडे दोन माणसं नंबर लावून उभी होती. बाबा दोनदा हॅलो म्हणाले. मी रिसीव्हर ठेवून दिला.

१० जानेवारी, शुक्रवार

आत्याने मला निरुपमाच्या घरी नेलं. रिक्षातून उतरताना म्हणाली, "तिथे ताईसाठी, ताईसाठी करू नकोस. आधी तू काय केलंस ते सांग."

तिने आज रजा काढली होती. दार उदयसिंहरावांनी उघडलं. आत्याने माझी ओळख करून दिली आणि हाच तो म्हणून सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. मारली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी ती पुन्हा टेकवली. "मराठी घरातला मुलगा तू! आणि मी कुठल्या कुठल्या वस्तीत जाऊन पोरांना धमकावून आलो!"

"बाबा, बसा तुम्ही," आतून आवाज आला. निरुपमाला मी पहिल्यांदाच समोरून बघितलं. ती ताईसारखी अजिबात दिसत नाही.

मी सांगितलं. जसं जमलं तसं. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वही आणलीय?"

आणली होती.

"वाच. माझ्याबद्दलचं सगळं."

मी वाचलं. दिवे अकरा, कुत्री दोन. सहा मिनिटं, थंडी वाढलीय. चप्पल.

"चप्पल ठीक होती," ती म्हणाली. "मी दगड शोधत होते. पुढे."

"आज तिने तीनदा मागे वळून बघितलं. तिसऱ्यांदा मीही मागे बघितलं. रस्ता रिकामा होता."

"रस्त्यावर कोण होतं त्या वेळी?"

"कुणी नव्हतं."

"नीट आठव."

"तुम्ही," मी म्हटलं. "आणि मी."

आत्याने तोंडाला पदर लावला. हसतेय की काय म्हणून मी घाबरून बघितलं, पण ती हसत नव्हती.

निरुपमाने वही ओढून घेतली आणि उलटी केली. पहिलं पान निघालं. ताईचे सात प्रश्न तिने सावकाश वाचले. सातव्यावर थांबली. "हे तुझ्या बहिणीने लिहिलंय?"

"हो."

"तिने मला विचारायला सांगितलं होतं. आणि तू विचारलं नाहीस."

"परक्या बाईशी रस्त्यात बोलणं आमच्याकडे..."

"बोलणं वाईट दिसतं," ती म्हणाली, "आणि हे चांगलं दिसलं?" मग वडिलांकडे हात केला. त्यांनी खिशातलं पेन दिलं. सातव्या प्रश्नाखाली तिने लिहिलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "बहिणीला कळव. जसंच्या तसं."

निघताना उदयसिंहराव फाटकापर्यंत आले. सोडायला नव्हे. आम्ही जातो की नाही ते बघायला.

११ जानेवारी, शनिवार

बूथवर सकाळी सातलाच गेलो. ताईलाच बोलवा म्हटलं. ती आली आणि मी सगळं सांगितलं, मध्ये कुठे "पण" न घालता. तीनदा घालणार होतो.

ताई म्हणाली, "सातवा वाच."

वाचला. "चार वर्षं याच रस्त्याने एकटी येते. चांगलं वाटायचं. सत्तावीस डिसेंबरपासून नाही. निरुपमा."

मला वाटलं रडेल. पण आवाज कोरडा होता. "आता ती घरी कशी येते?"

"वडील आणायला जातात."

"आता सगळं कळल्यावरसुद्धा?"

"हो. कालच निरुपमा आत्याला म्हणाल्या, आता कोणीही मागे असलं तरी चालवत नाही."

नोकरीचं मीच विचारलं. नकार गेला का?

"बाबांनी सांगितल्यावर मी लिहिला. त्यांनी वाचला. टाकायला मी गेले." मग म्हणाली, "पर्समध्ये आहे. तू पाठवलेल्या पत्रावर माझा विश्वास बसला नाही म्हणून नव्हे, शुभंकर. तू सलग आठ दिवस एकच काम केलंस, यावर बसत नव्हता."

फोन ठेवला तिने.

१२ जानेवारी, रविवार

ताईचा दुकानात फोन आला. काका म्हणाले, "लांबून आलाय, पटकन बोल हां." आणि तिथेच कव्हर शिवत बसले, म्हणून मी नुसतं हो हो करत होतो.

तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा आधी खूप चिडले. मग थोड्या वेळाने त्यांना तोडगा सुचला. आपला मुलगाच होता म्हणजे दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे शहर चांगलं आहे. आता शुभंकरनेच तिथे राहावं, शिलाई शिकतोयच, आणि रोज बहिणीला स्टॉपवरून घरी आणावं. घरचा माणूस असला की प्रश्न मिटला.

"ऐकतोयस?"

"हो."

"बाबांना मी हो म्हटलंय. होकाराची तार सकाळीच केली. पण तू तिथे राहायचं नाहीस."

"हो."

"मी येईन त्या दिवशी स्टेशनवर यायचं नाही. बडोद्यात थांबायचं नाही. आणि घरीही जायचं नाही, कारण मग बाबा मला परत बोलावतील. निदान उन्हाळ्यापर्यंत. जमेल?"

"हो."

"भटकायला तुला आवडतंच," ताई म्हणाली. चिडून म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

काकांनी दोरा दातांनी तोडला. "सगळं बरोबर ने?" म्हणाले. म्हटलं, हो.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सगळं गाव गच्चीवर. काका तीनदा बोलवायला आले, "अरे चाल ने, वर्षातून एकदा!" डोकं दुखतंय सांगितलं. खाली खोलीत बसून आरडाओरडा ऐकला. ज्या मांज्यासाठी दिवस घालवले तो वर कुणीतरी उडवला असेल.

आत्या दुपारी दोनला तिळगुळाचा डबा घेऊन हळदीकुंकवाला गेली. परत आली ती घामाघूम. म्हणाली, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये निरुपमाने ताईसाठी खोली बघितलीय, दोघींचं फोनवर बोलणं झालं. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

ताईच्या सांगण्यावरून चार आंतर्देशीय पत्रं आणली. चारही लिहून, सही करून, वर तारीख न घालता आत्यापाशी ठेवायची. ताई महिन्याला एक टाकणार, बाबांचा विश्वास राहावा म्हणून.

"ती. बाबांस सा. न. वि. वि. मोहनाताईला रोज स्टॉपवरून घरी आणतो. काळजी नसावी." पहिलं झालं. दुसऱ्यात दुकानाचं लिहिलं, लूनाचा कोपरा आता जमतो म्हणून. तो अजून जमत नाही. तिसऱ्यात लिहिलं की ताई बरी आहे, वजन वाढलंय. तिचं वजन मार्चमध्ये काय असेल मला काय माहीत? खोटं इतकं सलग कधी लिहिलं नव्हतं, आणि अक्षर मात्र पहिल्यांदाच चांगलं आलं.

चौथ्याला सुचेना. आत्या भाजी निवडत समोर बसली होती. म्हटलं, आत्या, काय लिहू?

"एखादं वाक्य तरी खरं लिही," ती म्हणाली.

मग लिहिलं, "ताई त्या रस्त्याने येते तेव्हा तिच्या मागे कुणी नसते."

आत्याने वाचलं. घडी करून चारही डब्यात ठेवली.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळच्या बसने निघतोय. काकांना सांगितलंय की मुंबईला कामाची चौकशी आहे. त्यांनी पाठीवर थाप मारली, दोन सुया आणि पक्क्या दोऱ्याचं एक रीळ दिलं. आत्याने स्वेटर काढून दिला नाही, मीही मागितला नाही. वहीतली ताईची पानं फाडून तिच्यासाठी ठेवली, माझी माझ्याजवळ आहेत.

स्टँडवर हे लिहितोय. समोर इंदूर, नाशिक, उदेपूर अशा पाट्या आहेत. एरवी तीन पाट्या बघून मी खूश झालो असतो. कुठली धरायची ते अजून ठरलेलं नाही. मिरजेला जाता येत नाही. तिथे बाबांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की मुलगा शेवटी मार्गाला लागला, बडोद्यात बहिणीला सांभाळून आहे.